वाळू खाणाऱ्याचा उपास

तुमच्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा फोटो मिळाला. मीठ पाकिटातून येतं, हवा विजेच्या पंपानं जाते आणि पाणी बिघडलं की कागदाची पट्टी रंग बदलून तसं सांगते, असं तुमच्यातल्या थोरलीनं कळवलंय. आजोबांनीसुद्धा अशी टाकी केली होती म्हणे, ती कशी होती, असं तुम्ही विचारलंत. गंमत म्हणून विचारलं असेल. मला ती टाकी आठवली की अजून खांदे भरून येतात. तरी लिहिते, कारण माझ्यानंतर ते सांगणारं कुणी उरणार नाही.

एक आधी सांगते. आमच्या घरची मराठी ऐकून तुमचे पुण्याचे मित्र हसतील. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरकडे आलेल्या लोकांची ती भाषा, त्यात अर्धं तमिळ. मी इथं पुस्तकातून शिकलेली मराठी लिहितेय. सासूबाईंचं बोलणं मात्र जमेल तितकं त्यांचंच ठेवते.

कुंभकोणमला कावेरीजवळच्या एका गल्लीत आमचं घर होतं. घरात सासूबाई, तुमचे आजोबा आणि मी. मुलं तेव्हा झाली नव्हती. आजोबा कॉलेजात प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. मुलांना बेडूक कापून दाखवायचा, बाटल्यांतलं स्पिरिट बदलायचं, असं काम. जागा हंगामी होती. मद्रासच्या एका प्रोफेसरांनी त्यांना संशोधनासाठी हाताखाली घेतलं तर जागा कायम होईल, नाही तर एप्रिलनंतर कॉलेज काही करू शकणार नाही, असं प्रिन्सिपॉलांनी स्वच्छ सांगितलं होतं. एका नातेवाइकांनी बळ्ळारीच्या एका शाळेत त्यांच्यासाठी जागा पाहून ठेवली होती. इथं जमलं नाही की तिकडे जायचं, हे ठरल्यासारखंच होतं.

बळ्ळारीला जायचं म्हणजे माझी नोकरी जाणार. मी मुलींच्या शाळेत खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवत होते. माझ्याकडे ट्रेनिंगचा दाखला नव्हता. हेडमिस्ट्रेसबाईंनी एकदा मला वर्ग घेताना पाहिलं आणि ठेवून घेतलं. दुसऱ्या गावात तसं कुणी ठेवून घेणार नव्हतं, आणि तिकडची भाषाही मला येत नव्हती. शाळेत माझं एक टेबल होतं. त्याचा खण मी संध्याकाळी लावून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तो तसाच सापडायचा. घरात माझी अशी एकही वस्तू नव्हती. मला ती नोकरी सोडायची नव्हती. ती टाकी टिकावी म्हणून मी राबले ते एवढ्यासाठी. विज्ञानासाठी नाही.

आता त्या प्राण्याबद्दल. समुद्रकाकडी तुम्ही चित्रात पाहिली असेल. करड्या रंगाची, जाड सालीची, हातभर नाही पण वीतभर सहज. डोळे नाहीत, पाय म्हणण्यासारखे पाय नाहीत. वाळू गिळत पुढं सरकायचं, वाळूतलं काय पचेल ते ठेवायचं, बाकीची वाळू मागून सोडून द्यायची. पण तिला फार छळलं तर ती आपलं आतडं सगळंच्या सगळं बाहेर टाकते, आणि मरत नाही. पोकळ अंगानं पडून राहते आणि काही आठवड्यांत आत नवं आतडं उगवतं. समुद्रापासून इतक्या आत, घरातल्या लहानशा टाकीत तिला हे साधतं का, आणि कसकसं साधतं, हे कुणी नीट पाहून ठेवलं तर मला त्यात रस आहे, असं प्रोफेसर आजोबांना म्हणाले होते.

टाकी म्हणजे रेल्वेच्या मोडीत निघालेल्या बॅटरीचं जाड काचेचं चौकोनी भांडं. आजोबांनी ते भंगारातून आणलं आणि त्यातला आम्लाचा अंश जावा म्हणून आम्ही ते परसात कितीतरी दिवस पाण्यानं भरून ठेवलं. गल्लीच्या टोकाला भांड्यांचे कारागीर राहत. त्यांच्यातला एक जण, मी याला छान पितळी चौकट करून देतो, म्हणाला. आमच्या गावात पितळेशिवाय कुणाचं पान हलत नसे. पण तांब्यापितळेचा अंशसुद्धा पाण्यात उतरला तर समुद्राचे प्राणी मरतात, म्हणून आजोबांनी घरातली सगळी पितळी भांडी त्या पाण्यापासून लांब ठेवायला सांगितली. मडकी आणि काच, दुसरं काही नाही.

सासूबाई म्हणाल्या, “तांब्याचं पाणी देवाला चालतंय. ह्यांना चालत नाही. मोठेच की पाहुणे.”

पण त्यांनी ते पाळलं. त्यांना जे जे सांगितलं ते ते त्यांनी पाळलं, हे मला इथंच लिहून टाकायला हवं.

पाणी तरंगंबाडीहून यायचं. सुटीच्या दिवशी पहाटेची गाडी धरायची, मायावरमला बदलायची, समुद्रावर जाऊन वेताच्या टोपल्यांत बसवलेल्या काचेच्या फुगीर बरण्या भरायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. पहिल्या खेपेला मीही गेले होते. समुद्राचं पाणी घरात आणायचं म्हणजे सासूबाईंची हरकत येणार हे आम्हाला ठाऊक होतं, कारण पर्वकाळ नसताना समुद्राला हात लावायचा नाही, असं आमच्याकडे मानत. म्हणून आम्ही बरण्या गुपचूप परसदारानं आत घ्यायला लागलो, तर सासूबाई पुढच्या दारात उभ्या.

“इकडनं आणा,” त्या म्हणाल्या. “समुद्र म्हणजे कावेरीचा नवरा. आपल्या गावचा जावई. जावयाला कुणी न्हाणीच्या बाजूनं आत घेतंय?”

मग त्यांनी बरण्यांवरून तांदूळ ओवाळून टाकले आणि पर्वाचा प्रश्न मिटला. त्यांचं सगळंच असं होतं. आपण वाद घालायच्या तयारीत असावं आणि त्यांनी कायदाच वेगळा काढावा.

टाकी पुढच्या खोलीत ठेवली, तिण्णैच्या लगत. तिण्णै म्हणजे आमच्या घरांपुढचा बसायचा ओटा. ती खोली सगळ्यात गार असे. तळाला तरंगंबाडीची वाळू. ती मी चाळली, पण धुतली नाही, कारण तिच्यातला बारीक गाळ हेच खाणं होतं. हवेसाठी आजोबांनी बसच्या चाकातली जुनी रबरी ट्यूब आणली. ती सायकलच्या पंपानं टम्म फुगवायची आणि तिच्या तोंडाला बारीक नळी जोडून नळी चिमट्यानं दाबायची, म्हणजे हवा थोडी थोडी सुटते. नळीच्या दुसऱ्या टोकाला वेताचा तुकडा, त्यातून बुडबुडे. ट्यूब सकाळी आणि संध्याकाळी भरावी लागे. आजोबांना कॉलेजला लवकर जायचं असे, म्हणून सकाळचा पंप माझा. स्वयंपाक, पाणी भरणं, मग पंप, मग शाळा. दुपारच्या उन्हात पाणी तापू नये म्हणून काचेभोवती ओलं फडकं गुंडाळायचं आणि ते वाळलं की पुन्हा भिजवायचं. हे काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. पाण्याची वाफ होऊन खारेपणा वाढू नये म्हणून काचेवर मी एक रेघ केली होती. तिच्यापर्यंत विहिरीचं पाणी घालायचं, मडक्यातलं. तेही त्यांनी चुकवलं नाही.

प्राणी आजोबांनी रामेश्वरजवळच्या मंडपमहून आणले. दोन समुद्रकाकड्या आणि शंखात राहणारा एक खेकडा. त्या खेकड्याच्या शंखावर एक समुद्रफूल बसलेलं होतं. ते फूल म्हणजेही प्राणीच. खेकडा जाईल तिकडे ते त्याच्या पाठीवरून हिंडायचं. गल्लीतली मुलं ते बघायला यायची. खेकड्याला सुक्या कोळंबीचा कण लागायचा. ती पुडी आजोबा तिण्णैच्या बाहेर भिंतीच्या खोबणीत ठेवत आणि कण टाकला की विहिरीवर जाऊन हात धूत. सासूबाई त्या खेकड्याकडे बघतसुद्धा नसत. काकड्यांवर मात्र त्यांचा जीव बसला. वाळू खाऊन राहतो, कुणाचा जीव घेत नाही, आवाज नाही, भांडण नाही. एकदा शेजारणीला त्या सांगत होत्या की आमच्या घरात दोन साधू येऊन राहिलेत आणि एक चांडाळ.

प्रवासात हाल झाले म्हणून असेल, आल्या दिवशीच काकड्यांतल्या एकीनं आतडं टाकलं. मी शाळेतून आले तो वाळूवर पिवळट दोऱ्यांचा गुंता पडलेला. आजोबांना इतका आनंद झाला की त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. त्यांनी तो गुंता काढून बाटलीत ठेवला आणि सासूबाईंना समजावून सांगितलं. याच्या पोटात आता काहीच नाही. नवं उगवेपर्यंत हा काही खाणार नाही. पुष्कळ दिवस लागतील. याला कुणी काही द्यायचं नाही, हात लावायचा नाही, फक्त पाणी आणि हवा चांगली ठेवायची.

“पावम,” सासूबाई म्हणाल्या. बिचारा, असं म्हणायचं झालं की आम्ही सगळेच पावम म्हणतो. “पाण्यावरच राहणार म्हणा की. निर्जळी नाही तेवढं बरं.”

त्या दिवशी दशमी होती. दुसऱ्या दिवसापासून घरात त्याच्या उपासाचं बोलणं सुरू झालं. सासूबाईंची एकादशी कडक असे. पाण्यापलीकडे काही नाही, आणि द्वादशीला पहाटे पारणं. आजोबांना त्यांनी कधी आग्रह केला नाही, मलाही नाही. पण त्यांना या जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याहून कडक भेटलं होतं. एक एकादशी गेली, दुसरी गेली, हा आपला तसाच पडलेला. त्या सकाळी देवपूजा झाली की विठ्ठलाच्या तसबिरीपासून उठून टाकीपाशी येत आणि त्याची चौकशी करत. आज कसा आहे. हलला का. मी पंप मारत असायची. मला तेव्हा त्याचा हेवाच वाटायचा. सगळं बाहेर टाकून कोपऱ्यात पडून राहायचं आणि कुणी हात लावायचा नाही. मी ते आजोबांना बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, “अग, पण तुझ्याशिवाय पंप कोण मारणार?” ते थट्टेनं म्हणाले. मी हसले नाही.

दमायला झालं होतं ते खरंच. फडकं वाळलं की काचेवर मिठाचे पांढरे ओघळ दिसायचे, ते पुसायचे. जमीन कायम ओली आणि चिकट. ट्यूबला भोक पडलं की अख्खी रात्र हवा नाही, म्हणून पहाटे उठून आधी बुडबुडे बघायचे. वर्गात मुलींना शब्दांचे अर्थ सांगताना माझे डोळे मिटत. हेडमिस्ट्रेसबाईंनी एकदा बाजूला घेऊन विचारलं, काही विशेष आहे का. त्यांना वाटलं मला दिवस गेले. मी नाही म्हटलं, आणि खरं कारण सांगायची मला लाज वाटली.

आणि मग एका सकाळी ती पोकळ काकडी चालली. तिच्यामागं वाळूवर गोळ्यांची एक छोटी माळ पडलेली होती. आतून गेलेली वाळू. आजोबा जमिनीवर आडवे होऊन काचेतून बघत राहिले. नवं आतडं आलं होतं. त्यांनी त्याच दिवशी मद्रासला तार केली आणि प्रोफेसरांचं उत्तर आलं की पुढच्या आठवड्यात त्रिचीला जाताना ते कुंभकोणमला उतरतील. येऊन स्वतः बघतील, आणि ती काकडी उघडून आत काय आहे ते पाहतील. हे उघडून पाहणं आम्ही सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांना आजोबांनी एवढंच सांगितलं, “आई, त्याचा उपास संपला बघ. आता खायला लागेल.”

प्रोफेसर यायच्या आदल्या दिवशी द्वादशी होती.

आजोबा रजा काढून पहाटेच्या गाडीनं तरंगंबाडीला गेले. पाहुण्यांना टाकी स्वच्छ दिसावी म्हणून नवं पाणी हवं होतं. मी पंप मारला, फडकं भिजवलं आणि शाळेत गेले. सासूबाईंनी आपलं पारणं केलं. आमच्याकडे द्वादशीला हादग्याचा पाला आणि आवळा हवाच, चिंच नाही. तसं सगळं झालं. मग त्यांच्या मनात आलं की घरात आणखी एकाचं पारणं व्हायचंय.

ज्याचा उपास लांबलेला असतो त्याला एकदम घट्ट अन्न देत नाहीत, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी मऊ भाताची कंजी केली, म्हणजे तुमची पेज. मीठ घातलं नाही, कारण पाणी खारटच आहे. थोडं दूध घातलं. हादग्याचा पाला वाटून चिमूटभर लावला. काचेच्या पेल्यात घेतली, कारण पितळ चालत नाही. आणि हळूहळू, वरून, टाकीत सोडली. दुपारी आणखी एकदा.

मी चारच्या सुमारास आले तेव्हा वास तिण्णैवरच आला. आंबलेला आणि कुजका, दोन्ही एकत्र. टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं आणि आतलं काही दिसत नव्हतं. सासूबाई टाकीशेजारी पाटावर बसल्या होत्या, फडकं नुकतंच भिजवून.

“घेतली बघ त्यानं,” त्या म्हणाल्या. “वरनं सोडली तशी खाली खाली गेली. सगळी संपवली. भूक किती असेल.”

एका बरणीत जुनं अर्धं पाणी शिल्लक होतं, ते, जिवंत असेल ते हलवायला, मडक्यात ओतलं आणि टाकीत दंडापर्यंत हात घातला. पहिली काकडी हाताला लागली ती उचलताना हातातच सुटली. कातडं साबणासारखं बोटांतून गेलं. दुसरी तशीच. समुद्रकाकडी मेली की विरघळत जाते, आणि मार्चचं ऊन होतं. खेकडा शंखाबाहेर येऊन पडला होता. नवं आतडं कुठलं आणि पेज कुठली, हे कुणालाही सांगता आलं नसतं. सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. माझ्या हातांकडे बघत होत्या. पंप मारू का, असं त्यांनी विचारलं. त्यांनी आयुष्यात कधी तो पंप हातात धरला नव्हता. मी म्हटलं, नको.

आजोबा दिवेलागणीला आले. मागं हमालाच्या डोक्यावर दोन बरण्या, काठोकाठ भरलेल्या, स्वच्छ पाण्याच्या. त्यांनी टाकी बघितली, माझ्याकडे बघितलं. मग हमालाला म्हणाले, “ठेव तिथंच.” आणि मला म्हणाले, “आता हे पाणी कशात घालायचं?”

प्रोफेसर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. सभ्य गृहस्थ होते. तिण्णैवर बसून त्यांनी कॉफी घेतली, रिकामी धुतलेली टाकी पाहिली, ट्यूबची युक्ती पाहून कौतुक केलं. बाटलीतलं जुनं आतडं उजेडात धरून बघितलं. पण नवं दाखवायला काही नव्हतं. वाळूवर गोळ्यांची माळ पडली होती, हे फक्त आमचं सांगणं होतं. पाणी कशानं बिघडलं, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. दाराआड सासूबाई उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून त्या सगळं समजून घेत.

आजोबा म्हणाले, “टाकी घरात होती सर. घरात माणसं असतात.”

प्रोफेसरांनी मान हलवली. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा करा, काही हाती आलं की मला कळवा, असं ते म्हणाले आणि दुपारच्या गाडीनं गेले. पुढचा हिवाळा आमच्या हातात नव्हता, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मी परसात भांडी घासत होते. सासूबाई येऊन विहिरीच्या कठड्याला टेकल्या.

“माझ्या कंजीनं मेला का?” त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. मी इतकी थकले होते की खोटं शोधायचं त्राण नव्हतं. “होय आई,” मी म्हटलं.

“आणि तुझी शाळा?”

त्यांना एवढं कळलेलं आहे हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ती सुटेल. एप्रिलपर्यंत आहे.

त्या आत गेल्या. पुढं कितीतरी दिवस तो विषय निघाला नाही. टाकी परसात उपडी पडली. माझी सकाळ एकदम मोकळी झाली आणि त्या मोकळ्या वेळात मी नुसती बसून राहायची. बळ्ळारीहून बोलावणं आलं. आजोबांनी जेवताना ते सांगितलं, दोघांनी कधी निघायचं तेही सांगितलं.

सासूबाई वाढत होत्या. “तू जा,” त्या म्हणाल्या. “ही येणार नाही.”

आजोबांना वाटलं त्या रागावल्यात. नवरा एका गावी आणि बायको एका गावी, लोक काय म्हणतील, असं ते म्हणाले.

“लोक मला म्हणतील. मी सांगेन, सून मी पाठवत नाही. म्हातारपणी मला पाणी कोण देणार? खाष्ट म्हणतील, म्हणू देत की. हिला काही म्हणणार नाहीत.” मग माझ्या पानात भात वाढत त्या म्हणाल्या, “दहाला शाळेत जायचं असंल तर सकाळचा स्वैपाक मी करीन. तू मधे यायचं नाही.”

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पानाकडे बघत होते. जायचं असतं तर बोलण्याची वेळ तीच होती. मी बोलले नाही, आणि त्यांना उत्तर मिळालं.

तुमचे आजोबा दोन वर्षं बळ्ळारीला एकटे राहिले. मोठ्या सुटीला येत, बारीक होऊन. पुढं त्यांना जवळच तंजावरला जागा मिळाली तोवर माझी नोकरी पक्की झाली होती. त्या दोन वर्षांत मला सुख होतं का, असं तुम्ही विचाराल. मी दिवसभर शिकवायची, संध्याकाळी वह्या तपासायची, आणि अंथरुणाला पाठ टेकली की दुसरी बाजू रिकामी आहे हे पुरतं जाणवायच्या आत झोप लागायची. मला हवं होतं ते मिळालं होतं. ते एवढं जड असेल, असं वाटलं नव्हतं.

सासूबाईंनी म्हटल्याप्रमाणे केलं. दारात कुणी विचारलं की त्या मोठ्यानं सांगत, माझी सून मी का म्हणून धाडू, मुलाला काय, हॉटेल आहे. महिन्याभरात गल्लीभर झालं की या घरात मोठा सासुरवास आहे. विहिरीवर एक म्हातारी शेजारीण माझा हात धरून डोळे पुसायची. कसली गे तुझी सासू, म्हणायची, पोटचा मुलगा तिकडे उपाशी आणि तुला इथं राबवते. त्या वेळी सासूबाई आत माझा डबा भरत असायच्या. मी मान खाली घालून घागर उचलायची आणि घाईनं घराकडे वळायची. शाळेची घंटा व्हायला आली असायची.